आजीची टेप, नातीचा स्पीकर

जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे संगणकात उतरली, नवा बिनतारी स्पीकरही घरात आला. पण दोघांचे सूर जुळेनात. संगीतवेड्या चेन्नईतल्या घरांना पडणाऱ्या या कोड्याची ही उकल.

डिसेंबरचा मध्य उजाडला, की चेन्नईत मार्गळी महिना लागतो आणि शहराची दिनचर्याच पालटते. सकाळी सप्रयोग व्याख्याने, दुपारी उमेदीचे गायक, संध्याकाळी नामवंत आणि मधल्या वेळात सभागृहाच्या उपाहारगृहात गरम डोसा व फिल्टर कॉफी, असा हा क्रम जानेवारीच्या मध्यापर्यंत चालतो. १९२७ साली मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच्या जोडीला संगीत परिषद झाली आणि तिच्यातून १९२८ साली म्युझिक अकॅडमी उभी राहिली. आज गावात अशा कितीतरी ‘सभा’, म्हणजे आपल्याकडच्या गायन समाजांसारख्या संस्था आहेत. २०१७ साली युनेस्कोने चेन्नईला संगीताचे सर्जनशील शहर म्हणून मान दिला. तो कागदोपत्री झाला एवढेच. तमिळमध्ये मैफलीला ‘कच्चेरी’ म्हणतात. आपल्या मामलेदार कचेरीचीच ही बहीण; पण नशीब पाहा, एकीच्या वाट्याला अर्ज आले आणि दुसरीच्या वाट्याला आलापना!

असे वेड असलेल्या गावात ऐकलेली मैफल पुन्हा ऐकण्याची हौस असणारच. आकाशवाणीवरची कच्चेरी रेडिओला यंत्र जोडून उतरवून घ्यायची, सभेत पुढच्या रांगेत बसून मांडीवरच्या टेपरेकॉर्डरचे बटण दाबायचे, एकाने दुसऱ्याला कॅसेटची नक्कल करून द्यायची, असे हे गुपचूप चाललेले पुण्यकर्म. परदेशी टेपरेकॉर्डर हवा असेल तर बीच स्टेशनजवळच्या बर्मा बाजाराची वाट धरायची. ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ कुटुंबांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस थाटलेला हा बाजार विदेशी मालासाठीच प्रसिद्ध झाला. मैलापूर, ट्रिप्लिकेनसारख्या जुन्या वस्त्यांतल्या कपाटांमध्ये अशा कॅसेटी वर्षानुवर्षे राहिल्या. वर निळ्या शाईत राग, ताल आणि तारीख. गायकाचे नाव कधी असते, कधी नसते. ऐकणाऱ्याला ते आवाजावरून कळावे, ही अपेक्षा!

कपाटातला ओलावा

कपाटातल्या या संगीताला पहिला शत्रू म्हणजे समुद्राची हवा. टेपच्या प्लॅस्टिकवर चुंबकीय कणांचा थर असतो आणि तो धरून ठेवणारा चिकट पदार्थ हवेतला ओलावा शोषून घेतो. काही फिती मग इतक्या चिकट होतात, की यंत्रात फिरताना किंचाळतात आणि थराचा भुगा मागे सोडतात. त्याहून जुन्या, ॲसिटेटच्या रिळांना चक्क शिरक्याचा वास येऊ लागतो. हा वास आला, म्हणजे दिवस भरत आले असे समजावे. त्यात २०१५च्या डिसेंबरसारखा पूर आला, तर तळमजल्यावरच्या कपाटाची काय कथा?

म्हणून गेल्या काही वर्षांत अनेकांनी या टेपा संगणकात उतरवल्या. जाणकाराकडे काम दिले असेल, तर त्याने बहुधा प्रत्येक सेकंदाला ध्वनीची ९६ हजार मोजमापे घेतलेली असतात आणि प्रत्येक मोजमाप २४ बिटांत लिहिलेले असते. हा हट्ट उगाच नाही. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना सेकंदाला निदान ४८ हजार मोजमापे आणि २४ बिट असा दंडक सांगते. मोठ्या संग्रहालयांनी ९६ हजार हे माप आपलेसे केले आहे. टेप पुन्हा वाजवता येईल याची खात्री नसते, तेव्हा एकाच फेरीत जेवढे पदरात पडेल तेवढे घ्यायचे, हा त्यामागचा हिशेब.

मुंबईतही असे काम झाले आहे. १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेचे सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून ‘यंग इंडिया’ आणि ‘ओडियन’ या जुन्या छापांच्या तबकड्या संगणकात जतन करवून घेतल्या. चेन्नईच्या म्युझिक अकॅडमीतही ‘टॅग’च्या नावाचे डिजिटल श्रवणालय आहे. जुन्या कच्चेरी तिथे जाऊन ऐकता येतात.

संस्थांचे ठीक आहे. घरातले काय?

नवा पाहुणा बोलेना

घरात होते ते असे. नातीने पहिल्या पगारातून छानसा बिनतारी स्पीकर आणलेला असतो. आजीची आवडती तोडी त्यावर लावून तिला चकित करायचे असते. ध्वनिमुद्रणाची फाइल निवडली जाते आणि स्पीकर गप्प! किंवा फोनच्या पडद्यावर ‘हा प्रकार चालत नाही’ अशी कोरडी सूचना. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची मद्रासी बहीण म्हणजे रिची स्ट्रीट. तिथे विचारले तर ‘एमपी-थ्री करून टाका’ असा झटपट सल्ला मिळण्याची शक्यता मोठी. सल्ला अगदीच चुकीचा नाही, पण अर्धा आहे. आणि उरलेल्या अर्ध्यातच नुकसान दडलेले आहे.

स्पीकर गप्प का बसतो? १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० मोजमापे असतात आणि प्रत्येक १६ बिटांचे. डावा-उजवा असे दोन प्रवाह धरले, तर गुणाकार होतो सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. २४ बिट आणि ९६ हजारांची फाइल सेकंदाला ४,६०८ किलोबिट मागते, तर १९२ हजारांची ९,२१६. अडीच तासांची एक कच्चेरी सीडीच्या मापाने १.६ गिगाबाइट जागा घेते. ९६ हजारांच्या मापाने ५.२ आणि १९२ हजारांच्या मापाने १०.४. ‘फ्लॅक’ या प्रकाराने ही जागा बरीच, कधी जवळजवळ निम्मी वाचते. तरीही एखाद्या स्पीकरच्या पोटातली चकती एवढ्या बारीक मोजमापांसाठी बनवलेलीच नसते. लोकप्रिय सोनोस स्पीकरचेच पाहा. २०२० साली आलेल्या नव्या प्रणालीपासून तो २४ बिट घेतो, पण सेकंदाला ४८ हजार मोजमापांच्या वर जात नाही. दुसऱ्या काही कंपन्यांचे स्पीकर १९२ हजारही पचवतात. म्हणून पहिले काम म्हणजे खोक्यातली माहितीपत्रिका वाचणे. ती फेकून दिली असेल, तर कंपनीकडून ती पुन्हा मिळवावी. अंदाजाने उद्योग करू नये.

बिनतारी, पण दोन तऱ्हेचे

‘बिनतारी’ या एका शब्दाखाली दोन वेगळी घराणी नांदतात, आणि सारा गोंधळ इथेच होतो.

पहिले घराणे वाय-फायचे. यात स्पीकर घरातल्या जाळ्यातून मूळ फाइलच उचलतो आणि स्वतः वाजवतो. फाइल त्याच्या मापात बसली, तर एक बिटही इकडचे तिकडे होत नाही. मापात बसली नाही, तर तो एक तर ती नाकारतो किंवा आधी कुणीतरी ती लहान करून द्यावी लागते.

दुसरे घराणे ब्लूटूथचे. इथे फाइल स्पीकरपर्यंत जातच नाही. फोन ती स्वतः उलगडतो, पुन्हा नव्याने दाबून बसवतो आणि मग हवेतून पाठवतो. दाबण्याची सर्वांत साधी पद्धत, जी प्रत्येक ब्लूटूथ स्पीकरला यावीच लागते, ती एसबीसी. ती चांगल्यात चांगल्या नेहमीच्या मांडणीत सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट नेते. आयफोन एएसी ही पद्धत वापरतो. सोनीची एलडॅक ही पद्धत अँड्रॉइडमध्ये २०१७ साली आली. ती ९९० किलोबिटपर्यंत जाते, पण फोन आणि स्पीकर दोघांनाही ती येत असेल तरच आणि दोघे जवळ असतील तरच. म्हणजे खोक्यावर सोनेरी अक्षरांत काहीही छापलेले असो, ४,६०८ किलोबिटांची तोडी यांपैकी कोणत्याही वाटेने जशीच्या तशी जाऊ शकत नाही. रुंद जरीकाठाची साडी अंगठीतून ओढायची म्हटले तर घडी घालावीच लागणार!

आता तो ‘एमपी-थ्री करून टाका’ हा सल्ला आठवा. ब्लूटूथच्या स्पीकरसाठी तुम्ही आधी एमपी-थ्री केलीत, तर एकदा त्या पद्धतीने तपशील गाळला जातो आणि फोन पाठवताना दुसऱ्यांदा गाळतो. चहा एकदा गाळला तर ठीक; गाळलेला पुन्हा गाळून काय मिळणार? म्हणून ब्लूटूथसाठीसुद्धा हातातली प्रत फ्लॅकसारख्या, काहीही न गाळणाऱ्या प्रकारातच असावी. गाळायचे ते फोन एकदाच गाळील.

कर्नाटक संगीताला एमपी-थ्रीचा आणखी एक जाच होतो. मृदंगम्, घटम्, खंजिरा यांचे घाव अतिशय तीक्ष्ण असतात. फार दाबलेल्या फाइलमध्ये अशा घावाच्या क्षणभर आधीच त्याची पुसट सावली ऐकू येते. तनि आवर्तनम् म्हणजे तालवाद्यांचा एकल भाग. तिथे हा दोष जाणत्या कानाला खटकतो. शिवाय आलापना एका फाइलमध्ये आणि तिला चिकटून येणारी कृती दुसऱ्या फाइलमध्ये असेल, तर दोन एमपी-थ्रींच्या सांध्यात बारीकशी उचकी लागते. ज्या रसिकाने ती जागा प्रत्यक्ष ऐकली आहे, त्याला ती उचकी वर्षानुवर्षे सलते.

प्रत करण्याची रीत

प्रत करायची ती कशी? काम एका दुपारचे आहे आणि खर्च शून्य. विंडोजवाल्या संगणकासाठी फूबार २००० आणि मॅकसाठी एक्सएलडी हे कार्यक्रम फुकट मिळतात. ज्यांना आज्ञा टंकित करण्याची भीती वाटत नाही, त्यांच्यासाठी एफएफएमपेग आहे. मूळ ९६ किंवा १९२ हजारांचे असेल, तर ४८ हजारांवर आणावे. ८८,२०० किंवा १,७६,४०० असेल, तर ४४,१०० वर. भागाकार पूर्ण जातो, एवढेच त्याचे कारण. चांगला कार्यक्रम इतर भागाकारही नीट करतो, पण सरळ रस्ता असताना आडवाटेने कशाला जा?

मोजमापे निम्मी करायची म्हणजे एकाआड एक पुसायची, असे मात्र नाही. तसे केले, तर कानाला ऐकू न येणारे अतिउंच कंप खाली घसरतात आणि ऐकू येणाऱ्या स्वरांत मिसळतात. सिनेमात टांग्याचे चाक कधी कधी उलटे फिरताना दिसते ना? कॅमेरा पुरेशा वेळा चाकाकडे पाहत नाही म्हणून तो भास होतो. ध्वनीतही तसेच होते. म्हणून उंच कंप आधी चाळून काढायचे आणि मग मोजमापे कमी करायची. वर सांगितलेले कार्यक्रम हे न सांगता करतात.

स्पीकर २४ बिट घेत असेल, तर बिटांना हात लावू नये. १६च घेत असेल, तर ‘डिदर’ नावाची खूण चालू ठेवावी. याचा अर्थ असा, की पैशांचा हिशेब रुपयांत गोल करताना दर वेळी एकाच बाजूला गोल केला तर चूक साचत जाते. कधी इकडे, कधी तिकडे केला तर ती विरून जाते. डिदर अतिशय हलकी खरखर मिसळून हेच साधते. मुद्रणात टेपची स्वतःची सरसर आधीच आहे, तिथे ती कुणाला ऐकू येणार नाही.

प्रकार फ्लॅकच ठेवावा, किंवा सगळे घर ॲपलचे असेल तर त्यांचा एएलएसी. दोन्हींत राग, ताल, गायक, वर्ष हा तपशील फाइलच्या आतच लिहिता येतो. साध्या वेव्ह फाइलमध्ये तो कसाबसा राहतो आणि नकला करताना हरवतो. कॅसेटवरची निळी शाई इथे जपायची आहे, हे विसरू नये. आजी आहे तोवर तिच्या शेजारी बसून ही नावे भरून घेतली, तर संगणकाला न येणारे काम होऊन जाईल.

गाणी ऐकवणाऱ्या वर्गणीच्या सेवांवरून फोनमध्ये साठवलेली गाणी मात्र अशी बदलता येत नाहीत. त्यांना कुलूप असते.

कानाला काय कळते?

एवढे सारे केल्यावर काही हरवले का? प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर जाहिरातवाल्यांना आवडणारे नाही. माणसाचा कान फार तर २० हजार कंपांपर्यंत ऐकतो, आणि वय वाढते तसे हा आकडा खाली येतो. सीडीच्या मापात तेवढे सगळे बसते. २००७ साली मेयर आणि मोरान या अमेरिकनांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दर्जाचे मुद्रण जसेच्या तसे, आणि तेच सीडीच्या मापातून काढून, न सांगता ऐकवले. ५५४ पैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवून ठरवले असते, तरी एवढेच आले असते! २०१६ साली लंडनच्या जोशुआ राइस यांनी असे १८ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के भरले. म्हणजे फरक कुणाला तरी कळत असावा, पण फारच थोडा.

आजीच्या टेपांबाबत तर फरकाला जागाच कमी. साध्या कॅसेटमध्ये वरचे कंप मुळातच फारसे उतरत नाहीत. ९६ हजार मोजमापे घेतली म्हणून न गायलेला स्वर त्यात येत नाही. उलटा प्रकारही तितकाच फोल. एमपी-थ्रीची ‘उच्च दर्जाची’ फाइल करून विकणारे आणि घेणारे दोघेही असतात. पण ताकाचे पुन्हा दूध होत नाही.

खरे हरवते ते दुसरीकडे. हाताच्या पंज्यात मावणाऱ्या स्पीकरमधून मृदंगम्‌चा डावा, घुमारदार अंग आणि तंबोऱ्याचा खर्ज नीट बाहेर पडूच शकत नाही. तेवढी हवा हलवायला पडदा मोठा लागतो. डोक्यावर पंखा फिरत असतो, खाली रिक्षा. १६ बिटांत सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर ९६ डेसिबल असते. पंख्याच्या खोलीत शांतता सुमारे ४० डेसिबलची धरली, तर ती सर्व श्रेणी ऐकण्यासाठी आवाज १३६ डेसिबलवर न्यावा लागेल. त्याआधीच कान दुखू लागतील आणि शेजारी दार ठोठावतील! चार पैसे अधिक असतील, तर ते बारीक मोजमापांवर घालण्यापेक्षा थोड्या मोठ्या स्पीकरवर घालावेत, आणि तो भिंतीच्या कोपऱ्यातून थोडा पुढे ओढावा.

विश्वास बसत नसेल तर घरीच पाहा. एकाच कृतीच्या तीन प्रती करा: मूळ, ४८ हजारांची फ्लॅक आणि ३२० किलोबिटांची एमपी-थ्री. मूळ फाइल स्पीकर घेत नसेल, तर संगणकाला तारेचा हेडफोन लावा. आवाज सारखा ठेवा, डोळे मिटा आणि दुसऱ्या कुणाला क्रम न सांगता दहा-बारा वेळा वाजवायला सांगा. घरातले मोठे सहसा एमपी-थ्रीवर अडखळत नाहीत; तंबोरा लागल्यावर आजी मात्र भलत्याच ठिकाणी मान हलवील. कोणत्या स्वराला ती हलते, ते ओळखण्याचा कार्यक्रम अजून निघालेला नाही.

मूळ पुसू नका

आणि आता सर्वांत मोठा धोका. प्रत तयार झाली, स्पीकर गाऊ लागला, की नात समाधानाने पाहते तो काय, संगणकाची तबकडी भरत आलेली! दहा गिगाबाइटची ती अवजड मूळ फाइल पुसली, तर कितीतरी जागा मोकळी होईल. इथेच हात आवरावा. कानाला फरक कळत नाही म्हणून मूळ निरुपयोगी ठरत नाही. उद्या टेपची सरसर कमी करायची असेल, फिरण्याच्या वेगातली चूक दुरुस्त करून स्वर मूळ पट्टीत आणायचा असेल, तर त्या अधिकच्या बारीक मोजमापांतच वाव असतो. स्पीकर पाच-सात वर्षांत बदलेल, त्याच्या मापाची प्रत पुन्हा करता येईल; त्या दिवशीची कच्चेरी पुन्हा होणार नाही. टेप तर कदाचित पहिल्याच फेरीत संपलेली असेल.

मूळ फाइल दोन वेगवेगळ्या तबकड्यांवर ठेवावी आणि त्यातली एक दुसऱ्या घरी, वरच्या मजल्यावर असेल तर उत्तमच. चेन्नईतली एक तबकडी पुण्याच्या आत्याकडे गेली तर पूर, चोरी, वीज या तिन्हींपासून एकदम सुटका. मूळ फाइलच्या नावात ‘मूळ’ आणि प्रतीच्या नावात ‘स्पीकर’ असा शब्द घालावा, म्हणजे घाईत भलतीच पुसली जाणार नाही. आवाज लहान-मोठा करणे, सुरुवातीची खाकरी-खोकला कापणे, हे सारे लाड प्रतीचे करावेत.

या कपाटांत मराठीही आहे, हे जाता जाता सांगायला हवे. १८५५पर्यंत तंजावरला भोसल्यांचे राज्य होते. तिथे गेलेल्या मराठी कीर्तनाने तमिळनाडूतल्या हरिकथेला वळण दिले, आणि तंजावरी मराठी बोलणारी घरे आजही चेन्नईत आहेत. मुंबईत वाढलेल्या आणि २०१८चा ‘संगीत कलानिधी’ मिळवलेल्या अरुणा साईराम यांनी कर्नाटक मैफलीत अभंग इतका रुजवला, की मैफलीच्या अखेरीस विठ्ठलाच्या नावाची फर्माईश येते. कुणाच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, तनि आवर्तनम्‌नंतर, असा अभंग सापडू शकेल.

तबकड्याही आजारी पडतात, म्हणून वर्षातून एकदा त्या जोडून दोन-चार फाइली वाजवून पाहाव्यात आणि जुनी झालेली तबकडी वेळीच बदलावी. तारीख लक्षात राहायला खंडेनवमी बरी. चेन्नईतल्या घरांत त्या दिवशी पुस्तके आणि वीणा-तंबोरे सरस्वतीपुढे पूजेला मांडतात आणि विजयादशमीला पुन्हा हाती घेतात. त्यांच्याशेजारी एका तबकडीला जागा सहज होईल. तिच्यावर कुंकू मात्र बेताने वाहावे.